‘पूर्ववत’ या कल्पनेची चिकित्सा : गर्भारपणापूर्वीचे आणि बाळंतपणानंतरचे स्त्रीचे वजन

प्रस्तावना

गर्भारपण आणि बाळंतपण यांविषयीच्या लेखनात ‘पूर्ववत’ हा शब्द वारंवार येतो. प्रसूतीनंतर गर्भाशय पूर्ववत होते, रक्ताचे प्रमाण पूर्ववत होते, पाळी पूर्ववत सुरू होते. त्याच ओघात स्त्रीचे वजनही पूर्ववत व्हावे असे सांगितले जाते. पहिल्या तीन बाबतींत हा शब्द शरीरक्रियेचे वर्णन करतो. वजनाच्या बाबतीत मात्र तो वर्णन न राहता अपेक्षा बनतो. या अपेक्षेमागे एक गृहीतक असते, ते म्हणजे गर्भधारणेपूर्वीचे वजन योग्यच होते. भारतीय स्त्रीच्या संदर्भात हे गृहीतक कितपत टिकते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी वजनवाढीची मानके, महाराष्ट्रात झालेले दोन अभ्यास, राष्ट्रीय सर्वेक्षणाची पद्धत, बाळंतपणाची घरगुती परंपरा आणि शासकीय कार्यक्रम यांचा क्रमाने विचार केला आहे.

मानके कशी घडली?

गर्भवतीचे वजन किती वाढावे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलले आहे. १८८९ मध्ये जर्मन प्रसूतितज्ज्ञ लुडविग प्रोखोव्हनिक यांनी अरुंद कटिभाग असलेल्या स्त्रियांसाठी अल्प द्रव व अल्प पिष्ट असा आहार सुचविला. बाळ लहान राहावे आणि प्रसूती सुकर व्हावी, हा त्यामागील उद्देश होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य डॉक्टरांनी गर्भविषबाधेच्या भीतीने वजनवाढीवर कडक मर्यादा घातल्या. १९७० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अहवालाने ही भूमिका सोडून सरासरी २४ पौंड, म्हणजे सुमारे ११ किलो वाढ इष्ट ठरविली. १९९० मध्ये तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने गर्भधारणेपूर्वीच्या शरीरभार निर्देशांकानुसार (बी.एम.आय.) वेगवेगळ्या शिफारशी केल्या आणि २००९ मध्ये त्या सुधारल्या.

२००९ च्या शिफारशींनुसार निर्देशांक १८.५ पेक्षा कमी असलेल्या स्त्रीचे वजन १२.५ ते १८ किलो, १८.५ ते २४.९ या गटातील स्त्रीचे ११.५ ते १६ किलो, २५ ते २९.९ या गटातील स्त्रीचे ७ ते ११.५ किलो आणि ३० व त्याहून अधिक निर्देशांक असलेल्या स्त्रीचे ५ ते ९ किलो वाढावे. कृश स्त्रीने अधिक वजन मिळवावे आणि स्थूल स्त्रीने कमी, हे या शिफारशींचे सूत्र आहे.

या इतिहासात प्रत्येक टप्प्यावर प्रश्न कोणाच्या बाजूने विचारला गेला, हे पाहणे उद्‌बोधक ठरते. आरंभी प्रश्न प्रसूतीच्या सुकरतेचा होता, नंतर आजाराच्या भीतीचा, नंतर बाळाच्या जन्मवजनाचा. बाळंतपणानंतर आईच्या अंगावर किती वजन उरते, या प्रश्नाला शिफारस ठरविताना ठळक स्थान मिळाले ते २००९ मध्ये. त्याच अहवालाने स्त्रीने योग्य वजन असतानाच गर्भधारणेत प्रवेश करावा, असेही नमूद केले. म्हणजे खुद्द मानक घडविणाऱ्यांनीच नऊ महिन्यांची चौकट अपुरी असल्याचे मान्य केले होते. भारतात प्रचलित झाला तो मात्र ‘दहा-बारा किलो वाढ हवी’ एवढाच सुटसुटीत नियम. हा नियम सर्व स्त्रियांना सारखाच लावला जातो आणि सुरुवात कोठून झाली हे विचारत नाही.

साडेबारा किलोंचा हिशेब

वाढलेले वजन नेमके कशाचे असते, याचा अभिजात हिशेब ब्रिटिश संशोधक फ्रँक हिटन आणि इझाबेला लीच यांनी १९६४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात मांडला. सुपोषित स्त्रीच्या सुमारे १२.५ किलो वाढीत बाळाचे ३.४ किलो, वारेचे ०.६५ किलो, गर्भजलाचे ०.८ किलो, गर्भाशयाचे सुमारे १ किलो, स्तनांचे ०.४ किलो आणि वाढीव रक्ताचे सुमारे १.२५ किलो असतात. उरलेल्या पाच किलोंत काही भाग ऊतींमधील द्रवाचा असून सुमारे ३.३ किलो आईच्या शरीरात साठलेल्या मेदाचे असतात. हा मेद निरुपयोगी नसतो. पुढील काळात दूध तयार करण्यासाठी शरीराने केलेली ती तरतूद असते.

या हिशेबाशेजारी भारतीय आकडा ठेवून पाहावा. डायेन कॉफी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आधारे भारतीय स्त्रीची गर्भारपणातील वाढ सुमारे ७ किलो असल्याचे अनुमान काढले. वरील यादीतील बाळ, वार, गर्भजल, गर्भाशय, स्तन आणि रक्त यांची बेरीज सुमारे साडेसात किलो होते. भारतीय बाळ सरासरीने लहान असते, त्यामुळे दोन्ही आकडे जसेच्या तसे ताडून पाहता येणार नाहीत. तरीही अर्थ स्पष्ट आहे. सात किलोंची वाढ बहुतांशी गर्भ आणि त्याला आधार देणारी व्यवस्था यांतच खर्ची पडते आणि आईच्या साठ्यासाठी फारच थोडे उरते. बाळ जन्मले, वार पडली, द्रव ओसरले की अशी स्त्री काही आठवड्यांतच ‘पूर्ववत’ होते. लोकव्यवहारात हे कौतुकाचे लक्षण मानले जाते. वस्तुतः ते रिकाम्या कोठाराचे लक्षण आहे.

आहाराची गरज तर प्रसूतीनंतर वाढते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशींनुसार गर्भारपणात दररोज सुमारे ३५० किलोकॅलरी अधिक लागतात, तर बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांत अंगावर पाजणाऱ्या आईला सुमारे ६०० आणि पुढील सहा महिन्यांत सुमारे ५२० किलोकॅलरी अधिक लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तज्ज्ञ अहवालानुसार सुपोषित स्तनदा मातेचे वजन दरमहा सरासरी ०.८ किलोने घटते, कुपोषित मातेचे मात्र केवळ ०.१ किलोने. कुपोषित मातेचे वजन टिकून राहते असा याचा अर्थ घेणे चुकीचे होईल. तिच्याजवळ घटण्याजोगे फारसे काही नसते, हा त्याचा अर्थ आहे.

नागपूर आणि पुणे : एकाच राज्यातील दोन आरंभबिंदू

हा प्रश्न महाराष्ट्रापुरता पाहण्यासाठी दोन अभ्यास उपयोगी पडतात. पहिला इंटरग्रोथ-२१ हा आठ देशांतील प्रकल्प होय. त्यातील भारतीय केंद्र नागपूर येथे होते. आरोग्य, शिक्षण आणि आर्थिक स्थिती चांगली असलेल्या शहरी गर्भवतींची त्यासाठी निवड करण्यात आली होती. २०१६ मध्ये या प्रकल्पातून प्रसिद्ध झालेल्या वजनवाढीच्या मानकांत १८.५ ते २४.९९ निर्देशांक असलेल्या ३,०९७ स्त्रियांची आकडेवारी आहे. त्यांच्या वजनात ४० आठवड्यांपर्यंत सरासरी १३.७ किलो वाढ आढळली. अनुकूल परिस्थितीत निरनिराळ्या देशांतील स्त्रियांच्या माहितीवरून एक समान मानक उभे करता येते, असे या अभ्यासाचे प्रतिपादन आहे. ‘आपल्याकडच्या बायकांची चणच लहान’ या प्रचलित समजुतीला हे उत्तरच आहे.

दुसरा अभ्यास पुणे मातृपोषण अभ्यास या नावाने ओळखला जातो. १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत तो सुरू झाला. त्याचे वैशिष्ट्य असे की, त्यात स्त्रियांचे वजन गर्भधारणा होण्यापूर्वीच प्रत्यक्ष नोंदवून ठेवले गेले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन ४१.७ किलो आणि सरासरी उंची १.५२ मीटर होती. या सरासरींवरून शरीरभार निर्देशांक सुमारे १८ येतो. बाळांचे सरासरी जन्मवजन २,६६५ ग्रॅम होते.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले असता एक विसंगती समोर येते. इंटरग्रोथच्या मानकात प्रवेशासाठी १८.५ ही किमान मर्यादा होती. पुण्याच्या खेड्यांतील सरासरी स्त्रीच त्या मर्यादेबाहेर राहते. नागपूरच्या केंद्राने स्त्री कशी वाढू शकते हे दाखविले. पुण्याच्या खेड्यांनी स्त्री प्रत्यक्षात कोठून सुरुवात करते हे दाखविले. या दोहोंतील अंतर नऊ महिन्यांत भरून निघणारे नाही. ४२ किलोंच्या स्त्रीला बाळंतपणानंतर ‘पूर्वीच्या वजनावर या’ असे सांगणे म्हणजे तिला पुन्हा कुपोषणाकडे पाठविणे होय.

सर्वेक्षणातील रिकामी जागा

हा प्रश्न ठळकपणे चर्चेत का येत नाही, याचे एक कारण मोजमापाच्या पद्धतीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांचा शरीरभार निर्देशांक काढताना गरोदर स्त्रिया आणि गेल्या दोन महिन्यांत बाळंत झालेल्या स्त्रिया वगळल्या जातात. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण त्या अवस्थेत निर्देशांकाचा नेहमीचा अर्थ लावता येत नाही. परंतु वगळलेल्या स्त्रियांसाठी दुसरे कोणतेही परिमाण दिले जात नाही. परिणामी ज्या काळात वजनाला सर्वाधिक महत्त्व असते, तोच काळ राष्ट्रीय आकडेवारीत रिकामा राहतो.

कॉफी यांच्या अभ्यासाचे महत्त्व येथे आहे. २००५-०६ च्या सर्वेक्षणात सुमारे ३५.५ टक्के स्त्रिया कृश आढळल्या होत्या. ज्या स्त्रिया लवकरच गरोदर होणार होत्या, त्यांच्यात मात्र हे प्रमाण ४२.२ टक्के असल्याचे अनुमान या अभ्यासाने काढले. आफ्रिकेच्या सहारा वाळवंटाखालील देशांत तेच प्रमाण १६.५ टक्के होते. दोन्हीकडे गर्भारपणातील वाढ थोडीच होती. परंतु आरंभीच्या तुटीमुळे भारतीय स्त्रीचे गर्भारपणाच्या शेवटचे वजन आफ्रिकी स्त्रीच्या आरंभीच्या वजनापेक्षाही कमी भरत होते. सर्व स्त्रियांची सरासरी ही भावी मातांची सरासरी नसते, हा या अभ्यासाचा पद्धतिशास्त्रीय धडा आहे. भारतात मातृत्व तरुण वयात येते आणि तरुण सुना घरातील सर्वांत कमी अधिकार असलेल्या व्यक्ती असतात.

या अधिकारक्रमाचा शरीरावर उमटणारा ठसा डायेन कॉफी, रीतिका खेरा आणि डीन स्पीअर्स यांच्या ग्रामीण एकत्र कुटुंबांच्या अभ्यासात दिसून आला. एकाच घरात राहणाऱ्या दोन जावांपैकी धाकट्या जावेची मुले थोरल्या जावेच्या मुलांपेक्षा उंचीने कमी असल्याचे त्यात आढळले. घर एक, चूल एक आणि तरीही परिणाम दोन! पानावर शेवटी बसणाऱ्या सुनेचे वजन हा केवळ वैद्यकीय प्रश्न राहत नाही, तो घरातील वाटपाचा प्रश्न ठरतो.

परंपरेचे ऋण आणि तिच्या मर्यादा

भारतीय परंपरेला या विषयाचे भान नव्हते असे म्हणता येणार नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात पाचव्या महिन्यात गर्भाचे मांस व रक्त विशेष वाढते आणि त्यामुळे गर्भिणी कृश होते, असे निरीक्षण आहे. गर्भाची वाढ आईच्या शरीरातून वजा होते, ही जाणीव त्यात स्पष्ट आहे. महिन्यागणिक आहाराची योजनाही तेथे सांगितली आहे.

लोकव्यवहारात मात्र याच्या उलट प्रवृत्तीही आढळते. मार्क निक्टर आणि मिमी निक्टर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दक्षिण कर्नाटकातील अभ्यासात गर्भारपणी आहार मर्यादित ठेवण्यामागील लोकसमजुतींचे विवेचन आहे. बाळ फार मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल, पोट अन्नाने भरले तर बाळाला जागा उरणार नाही, अशा समजुती दक्षिण आशियात अनेक ठिकाणी नोंदविल्या गेल्या आहेत. प्रोखोव्हनिक यांच्या आहारामागेही हाच विचार होता. सुरक्षित प्रसूतीची खात्री नसलेल्या समाजात ही भीती अडाणीपणाची म्हणून झटकून टाकता येत नाही. तिचे उत्तर उपदेशापेक्षा चांगल्या प्रसूतिसेवेतच आहे.

महाराष्ट्रातील बाळंतपणाच्या चालीरीतींचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. पहिले बाळंतपण माहेरी करणे, सव्वा महिना विश्रांती, मालिश, शेक-शेगडी, बाळंतविडा, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरे, तूप हा सारा व्यवहार बाळंतिणीच्या शरीराची झीज ओळखतो. ‘बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म’ या उक्तीतही तीच ओळख आहे. प्रसूतीनंतर बाळापेक्षा आईकडे पाहणारी हीच एक व्यवस्था समाजाने उभी केली, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे.

तथापि तिच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. दूध पाजण्याचा काळ वर्षभराहून अधिक असतो, तर ही काळजी सव्वा महिन्यात आटोपते. तूप, सुकामेवा आणि विश्रांती यांचा खर्च माहेरच्या ऐपतीवर अवलंबून असतो. शेतमजूर स्त्रीला सव्वा महिना घरी बसणे परवडतेच असे नाही. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाला हे कोडकौतुक बहुधा ओसरलेले असते. झीज मात्र दरवेळी होते. दोन बाळंतपणांतील अंतर कमी असेल, तर पहिल्या खेपेचे ‘नंतरचे’ वजन हेच दुसऱ्या खेपेचे ‘आधीचे’ वजन ठरते.

वाढून राहिलेल्या वजनाची बाजू

चित्राची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८.७ टक्के स्त्रिया कृश, तर २४ टक्के स्त्रिया अतिवजनी किंवा स्थूल आढळल्या. अतिवजनी किंवा स्थूल स्त्रियांची संख्या कृश स्त्रियांपेक्षा अधिक झाली आहे. त्यामुळे बाळंतपणानंतर अंगावर राहणाऱ्या वजनाचा प्रश्न आता केवळ पाश्चात्त्य देशांचा राहिलेला नाही.

स्टॉकहोम येथील १,४२३ स्त्रियांच्या अभ्यासात प्रसूतीनंतर एक वर्षाने सरासरी १.५ किलो वजन अधिक राहिल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी लहान दिसते, परंतु तिच्या आत मोठी तफावत होती. काही स्त्रिया पूर्वीपेक्षा हलक्या झाल्या होत्या, तर काहींच्या अंगावर पाच, दहा किंवा त्याहूनही अधिक किलो राहिले होते. म्हणजे येथेही ‘पूर्ववत’ ही सरासरीने निर्माण केलेली कल्पना आहे.

भारतीय शरीराच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की, भारतीय नवजात बाळ इंग्लंडमधील बाळापेक्षा वजनाने लहान असले, तरी त्याच्या शरीरातील मेद तुलनेने टिकून असतो. कृश दिसणारे शरीर मेदाच्या दृष्टीने कृश असेलच असे नाही. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी अतिवजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ आणि स्थूलत्वाची ३० ऐवजी २५ धरावी, अशी सहमती नोंदविली ती याच प्रकारच्या पुराव्यावरून. याचा परिणाम असा होतो की, २४ निर्देशांक असलेली स्त्री अमेरिकी शिफारशीनुसार ‘सामान्य’ ठरून तिला ११.५ ते १६ किलो वाढीची मुभा मिळते, भारतीय निकषानुसार मात्र ती आधीच अतिवजनी असते. अशा बैठ्या कामाच्या स्त्रीला आणि खेड्यातील ४२ किलोंच्या स्त्रीला एकच लाडू आणि एकच ‘दहा-बारा किलो’ सांगणे हा समतेचा नव्हे, दुर्लक्षाचा प्रकार आहे.

कार्यक्रमांची दृष्टी

शासकीय योजनांत माता अनुपस्थित नाही. १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत गर्भवती व स्तनदा मातांना पूरक आहार दिला जातो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत या आहाराला हक्काचे स्वरूप दिले. महाराष्ट्राने २०१५ मध्ये आदिवासी भागासाठी अमृत आहार योजना सुरू करून एक वेळचे पूर्ण गरम जेवण देण्याचा मार्ग स्वीकारला. ही पावले स्वागतार्ह आहेत.

परंतु यश कशाने मोजले जाते, हे पाहिले असता दृष्टी बाळावरच खिळलेली दिसते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानाच्या मूळ उद्दिष्टांत बालकांची खुंटलेली वाढ, बालकांतील कुपोषण, कमी जन्मवजन आणि बालके, किशोरी व स्त्रियांमधील रक्तक्षय यांचा समावेश होता. स्त्रीच्या वजनाचे स्वतंत्र उद्दिष्ट त्यात नव्हते. नवजात बालकाच्या गृहभेटीत आशा कार्यकर्ती बाळाचे वजन घेते. आईचा ताप आणि रक्तस्राव पाहते, पण तिचे वजन हा त्या भेटीचा नियमित भाग नसतो. गर्भारपणी महिन्या-महिन्याला काट्यावर उभी राहणारी स्त्री प्रसूत होताच काट्यावरून उतरते आणि तिच्या जागी बाळ ठेवले जाते. वजन तिचे होते, पण मोजले जात होते ते बाळासाठी, हे यातून उघड होते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, स्त्रीचे गर्भारपणापूर्वीचे आणि बाळंतपणानंतरचे वजन ही दोन स्वतंत्र टोके नाहीत. ती एकाच आयुष्यक्रमातील सलग अवस्था आहेत. ‘पूर्ववत’ या शब्दाने या सलगतेला वर्तुळाचे रूप दिले आणि आरंभबिंदूची चिकित्सा टाळली. कृश स्त्रीच्या बाबतीत पूर्ववत होणे हे अपयश असू शकते. स्थूल स्त्रीच्या बाबतीत पूर्ववत होणे पुरेसे नसू शकते. दोघींनाही हवा आहे तो पूर्वीचा आकडा नव्हे, योग्य आकडा.

त्यासाठी फार मोठ्या यंत्रणेची आवश्यकता नाही. बाळाच्या लसीकरणासाठी आई सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत व पुढे नवव्या महिन्यात आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत येतेच. त्याच वेळी तिचे वजन घेऊन ते तिच्याच नावासमोर नोंदविले, तर बाळंतपणानंतरचे पहिले वर्ष आकडेवारीत प्रथमच दिसू लागेल. नववधू आणि किशोरी यांच्या वजनाची नोंद त्याला जोडली, तर पुण्याच्या सहा खेड्यांत संशोधनासाठी जे झाले ते सार्वत्रिक सेवेचा भाग होऊ शकेल. नोंदीने पोट भरत नाही हे खरे. परंतु जिची नोंदच होत नाही, तिची भूक कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही.